सडा (परिसंस्था)

सडा म्हणजे जांभ्या खडकाचा उघडा, सपाट आणि जवळजवळ वृक्षहीन माथा. कोकणच्या किनारपट्टीलगत आणि सह्याद्रीच्या शिरोभागी असे अनेक सडे आहेत. पावसाळ्याचे चार महिने ते पाण्याने निथळतात आणि फुलांनी झाकले जातात. उरलेले आठ महिने ते काळपट, तापलेले आणि निर्जीव दिसतात. खडक, पाणी, ऊन, वारा व माती हे अजैविक घटक आणि वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव हे जैविक घटक यांचे परस्परसंबंध येथे जितके उघडपणे पाहता येतात, तितके दाट अरण्यात क्वचितच दिसतात. अरण्यात माती, सावली व पालापाचोळा या संबंधांवर पांघरूण घालतात. सड्यावर ते पांघरूण नाही.

नाव व विस्तार

‘सडा’ हा शब्द प्रामुख्याने कोकणात व गोव्यात वापरला जातो. ‘कातळ’ हा त्याचा जवळचा पर्याय आहे. घाटमाथ्यावर अशाच भूभागाला ‘पठार’ किंवा ‘माळ’ म्हणतात. रत्नागिरीजवळचे सडामिऱ्या आणि गोव्यातील मुरगाव बंदरावरचे सडा ही स्थलनामे या भूरूपाची साक्ष देतात. (फुलांचा सडा हा या शब्दाचा दुसरा अर्थ भाद्रपदात याच जागी खरा ठरतो, हा मात्र योगायोग म्हणावा.)

उंचीनुसार सड्यांचे दोन गट पडतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सडे समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत. काही तर थेट समुद्रकड्यावर संपतात. महाबळेश्वर, पाचगणी, कास, चाळकेवाडी व आंबोली येथील सडे घाटमाथ्यावर आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे 25 किलोमीटरवर, सुमारे 1,200 मीटर उंचीवर असलेले कास पठार त्यांत सर्वांत प्रसिद्ध होय. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. या पठारावर व त्याच्या परिसरात सपुष्प वनस्पतींच्या 850 हून अधिक जातींची नोंद झाली आहे.

ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी 1935 मध्ये ‘इकोसिस्टिम’ ही संज्ञा मांडली. मराठीत तिला ‘परिसंस्था’ म्हणतात. सजीवांचा समूह आणि त्याभोवतीचे निर्जीव पर्यावरण यांचा अभ्यास वेगवेगळा करता येणार नाही, दोन्ही मिळून एकच व्यवस्था बनते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सडा हे या विचाराचे मराठी मुलखातील एक उत्तम उदाहरण आहे.

खडकाची घडण

जांभ्याला शास्त्रीय भाषेत लॅटेराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 मध्ये केरळातील अंगाडीपुरम येथील खडकाच्या वर्णनात हे नाव प्रथम वापरले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. ओला असताना हा खडक कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. त्यामुळे विटेसारखे त्याचे चिरे काढून घरे बांधण्याची रीत कोकणात व मलबारात दिसते.

दख्खनचा बेसॉल्ट हा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून बनला. उष्ण व दमट हवामानात त्यावर दीर्घकाळ पाऊस पडत राहिला. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम आणि बरेचसे सिलिका पाण्यात विरघळून वाहून गेले. लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. लोहामुळे जांभ्याला तांबडा रंग आला, तर ॲल्युमिनियम जेथे अधिक साठले तेथे बॉक्साइट मिळते.

ही झीज केवळ पाण्याने झाली असे मानणे अपुरे ठरेल. मुळांच्या व सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून मातीत कार्बन डायऑक्साइड मिसळतो, तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल बनते, आणि हे आम्लयुक्त पाणी खडक अधिक वेगाने कुजवते. कुजणाऱ्या पाल्यातील सेंद्रिय आम्लेही त्यास हातभार लावतात. म्हणजे आज सड्यावर वनस्पतींना टिकू न देणारा हा खडक काही अंशी प्राचीन वनस्पतींच्याच सहवासात घडला आहे.

पाणी : चार महिने पूर, आठ महिने दुष्काळ

कोकणच्या सड्यांवर वर्षाला 2,500 ते 3,500 मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात सदाहरित अरण्य वाढू शकते, आणि सड्याच्या उतारावर ते वाढलेलेही दिसते. माथ्यावर मात्र झाड नाही. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोठे व किती काळ थांबतो यावर वनस्पतींचे जीवन ठरते, हे सड्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. धरून ठेवायला माती नसल्याने पडलेले पाणी वाहून जाते किंवा खडकाच्या छिद्रांतून खाली झिरपते.

जांभ्याच्या खाली बहुधा लिथोमार्ज या मऊ चिकणमातीचा थर असतो. झिरपलेले पाणी तेथवर पोहोचून अडते आणि मग आडवे सरकत सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. कोकणातील कित्येक वाड्यांच्या विहिरी आणि पाट या पाण्यावर चालतात. वरचा कातळ कोरडा दिसत असला तरी पायथ्याची पोफळीची बाग त्याच कातळाने गाळून दिलेल्या पाण्यावर उभी असते. घाटमाथ्यावरील पठारांतून मिळणारे पाणीही असेच महत्त्वाचे आहे. कासचा तलाव सातारा शहराला पाणी पुरवतो.

मार्च ते मे या काळात चित्र पालटते. गर्द रंगाचा खडक दिवसभर तापतो, इतका की दुपारी त्यावर अनवाणी चालणे अशक्य होते. रात्री तो वेगाने निवतो. वाऱ्याला अडवणारे काही नसल्याने उरलीसुरली ओलही उडून जाते. एकाच जागी राहणाऱ्या वनस्पतीला वर्षभरात दलदल आणि वाळवंट या दोन्ही परिस्थितींना तोंड द्यावे लागते.

बोटभर मातीचा हिशेब

सपाट दिसणाऱ्या सड्यावर बारकाईने पाहिल्यास अनेक लहान लहान वस्त्या आढळतात. त्यांच्यातील भेद बहुतेक वेळा मातीच्या खोलीचा असतो, आणि ती खोली काही मिलिमीटरांपासून वीत-दीड विती इतकीच असते.

अगदी उघड्या कातळावर शैवाके (लायकेन), शेवाळी आणि नील-हरित जिवाणू यांचे पातळ आवरण असते. उन्हाळ्यात सड्याला येणारा काळपट रंग पुष्कळदा या जिवाणूंचा असतो; तो खडकाचा मूळ रंग नव्हे. पहिल्या सरींनंतर काही तासांतच हे आवरण फुगते व हिरवट दिसू लागते. त्यातील अनेक जीव हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, म्हणजे इतर वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणतात. त्यांच्या मृत अवशेषांत वाऱ्याने आलेली धूळ अडकते आणि मातीचा पहिला पापुद्रा तयार होतो. निर्जीव खडकावर सजीव जी माती घडवतात, तीच पुढे कोणता सजीव तेथे राहील हे ठरवते.

जेथे बोटभर माती साठली आहे आणि पावसाळ्यात तिच्यावरून पाण्याचा पातळ पदर सतत वाहतो, तेथे गेंद (एरिओकॉलॉन), सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया) व दवबिंदू (ड्रोसेरा) यांचे गालिचे दिसतात. पाणी साचणाऱ्या खळग्यांत रोटालासारख्या पाणवनस्पती उगवतात. सातारा परिसरात प्रदेशनिष्ठ असलेला वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) पाणथळ जागी वाढतो. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दुभंगलेल्या तुऱ्यावरून त्याला हे नाव मिळाले. माती किंचित खोल झाली की तेरडा, सोनकी, कवला व गवते येतात. भेगांत आणि सड्याच्या कडेला, जेथे मुळांना खोलवर जाता येते, तेथे कारवीची झुडपे असतात. घाटमाथ्यावरील टोपली कारवी सुमारे सात वर्षांतून एकदा एकत्र फुलते.

पावसाळ्यात कासला जाणाऱ्या पर्यटकांना जांभळ्या, पिवळ्या व पांढऱ्या रंगांचे वेगवेगळे पट्टे दिसतात. कोणी आखून लावावेत तशी त्यांची रचना भासते. वस्तुतः तो खालच्या मातीच्या खोलीचा व ओलीचा नकाशाच असतो.

अन्नद्रव्यांची टंचाई

जांभ्यापासून बनलेली माती आम्लधर्मी व निकस असते. पावसाने तिच्यातील क्षार धुऊन नेलेले असतात. जे थोडे फॉस्फरस उरते ते लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट बांधलेले राहते आणि मुळांना सहजी मिळत नाही. नायट्रोजनही अपुरा असतो. ऊन व पाणी मुबलक, पण जमिनीतून पोषण नाही, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

कीटकभक्षी वनस्पती सड्यावर मोठ्या संख्येने का आढळतात, याचे उत्तर या टंचाईत आहे. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. त्यांवर बसलेला कीटक अडकतो, पान हळूहळू त्याच्याकडे वळते आणि पाचक रस त्याच्या शरीरातील प्रथिने विरघळवतात. सीतेच्या आसवांची नाजूक निळी-जांभळी फुले पाहून ही वनस्पती शिकारी आहे असे कोणाला वाटणार नाही. तिचे सापळे ओल्या मातीत दडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या रूपात असतात. पिशवीतील पाणी बाहेर टाकून आत कमी दाब राखलेला असतो; एखादा सूक्ष्म जलजीव दाराशी असलेल्या केसांना स्पर्श करताच दार उघडते आणि एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात तो पाण्यासह आत ओढला जातो.

या वनस्पती कीटक पकडतात ते उर्जेसाठी नव्हे. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे त्या आपले अन्न सूर्यप्रकाशात स्वतः तयार करतात. कीटकांपासून त्यांना नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात. पाठ्यपुस्तकातील ‘वनस्पती उत्पादक, प्राणी भक्षक’ ही सरळ मांडणी येथे थोडी सैल करावी लागते.

यातून व्यवहाराच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. निकस जमीन ही या वनस्पतींची अडचण आहे आणि संरक्षणही आहे. जमीन सुपीक झाल्यास जोमाने वाढणारी गवते व तण तेथे शिरतात आणि त्यांच्या सावलीत बोटभर उंचीच्या या वनस्पती टिकत नाहीत. खत घालून सडा ‘सुधारणे’ म्हणजे त्याचे मूळ रहिवासी घालवणे होय.

कोरडा काळ

पाऊस संपल्यावर सहा-आठ आठवड्यांत बहुतेक हिरवळ नाहीशी होते. गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे यांच्या अनेक जाती वर्षायू आहेत. त्या बी टाकून मरतात व उन्हाळा बीजरूपाने काढतात. दीपकाडी (डिपकाडी), कंदीलपुष्प (सेरोपेजिया) व वायतुरा यांसारख्या वनस्पतींची पाने सुकून जातात. जमिनीत कंद शिल्लक राहतात. यांतील काहींचे क्षेत्र फारच मर्यादित आहे. उदाहरणार्थ, डिपकाडी कोंकणेन्स ही पांढऱ्या फुलांची जाती कोकणातच सापडते.

तिसरा मार्ग सर्वांत विस्मयकारक आहे. ट्रायपोगॉनसारखी काही गवते व काही नेचे जवळजवळ पूर्ण वाळतात, पण मरत नाहीत. महिनोन्‌महिने ती सुकलेल्या काडीसारखी राहतात आणि पाणी मिळताच तीच पाने पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातील अशा शुष्कतासहिष्णू वाहिनीयुक्त वनस्पतींच्या 62 जाती नोंदवल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ खडकाळ जागी वाढणाऱ्या आहेत.

प्राणिजीवन

पावसाळ्यात खळग्यांत साचणारी डबकी काही आठवडेच टिकतात. ती आटण्यापूर्वी जीवनक्रम पूर्ण करणारे प्राणीच त्यांत राहू शकतात. फेअरी श्रिंप या नावाने ओळखले जाणारे, झिंग्यांच्या दूरच्या नात्यातील इवले जीव अशी अंडी घालतात की ती कोरड्या गाळात दीर्घकाळ तग धरतात आणि पुढच्या पावसात उबतात. डबक्यांत मासे नसणे हेही त्यांच्या पथ्यावर पडते.

आंबोली येथे आढळणारा झँथोफ्रिन टायग्रिना हा भेक या बाबतीत विशेष उल्लेखनीय आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर मोजके दिवस हे भेक कातळावरील उथळ डबक्यांत एकाच वेळी मोठ्या संख्येने जमतात आणि अंडी घालतात. पाऊस मध्येच ओढ देऊन डबकी आटली, तर संपूर्ण वीण वाया जाऊ शकते. 2009 मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली ही जाती आंबोलीच्या छोट्या परिसराबाहेर माहीत नाही आणि ती अतिसंकटग्रस्त गणली जाते.

कातळावर सुटे पडलेले दगड हाही एक महत्त्वाचा अजैविक घटक आहे. दगडाखाली थोडी ओल व बराच गारवा असतो. विंचू, गोम, कोळी, पाली व साप दिवसभर तेथे आश्रय घेतात. हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिॲटस ही पांढऱ्या पट्ट्यांची लहान पाल दक्षिण कोकणच्या सड्यांवर दगडांखाली राहते. तिचे वर्णन 1963 मध्ये झाले. फुरसे हा विषारी साप रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर मोठ्या संख्येने असल्याने तेथे दगड उचलताना जाणता मनुष्य काठीचा वापर करतो. बांध घालण्यासाठी किंवा जमीन ‘साफ’ करण्यासाठी हे दगड वेचले गेले, की एकही झाड न तोडता या सर्वांचे घर मोडते.

चाळकेवाडीचे उदाहरण

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावर मोठ्या संख्येने पवनचक्क्या आहेत. सारडा सुपर्बा हा सरडा तेथे राहतो. विणीच्या काळात नर आपल्या गळ्याचा निळा, काळा व नारिंगी पंखा फुलवून मादीला आकर्षित करतो. (2016 मध्ये या गटाला प्रजातिनाम देताना ‘सरडा’ हा मराठी शब्दच घेण्यात आला.)

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण पवनचक्क्यांच्या भागापेक्षा जवळजवळ चौपट आढळले. शिकारी पक्षी कमी झाल्याने पवनचक्क्यांच्या भागात सरडे वाढले होते. त्यांच्या रक्तातील तणावाशी संबंधित संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. मात्र दाटी वाढल्याने त्यांची शरीरस्थिती खालावली होती व नरांच्या गळ्याचा रंग फिका झाला होता.

पवनचक्की सरड्याला स्पर्शही करत नाही. तरीही वाऱ्यासाठी उभारलेल्या एका निर्जीव यंत्राचा परिणाम पक्ष्यांमार्फत सरड्याच्या रंगापर्यंत पोहोचला.

माणूस आणि सडा

सड्यावरील माणसाचा वावर प्राचीन आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी इत्यादी ठिकाणी जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पे आहेत. गोव्यात कुशावती नदीकाठी पणसायमळ येथेही ती आहेत. 2022 मध्ये अशा नऊ स्थळांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांत हत्तीबरोबर गेंड्यासारखा, आज कोकणात नसलेला प्राणीही कोरलेला दिसतो. मातीने झाकला न जाणारा, तरीही कोरता येण्याइतका मऊ खडक मिळाल्यामुळे ही चित्रे घडली आणि टिकली.

पुढील काळात गुरे चारणे, गवत कापणे आणि मातीच्या खळग्यांत भात किंवा नाचणी घेणे असा सड्याचा वापर होत आला. चराई ही सड्याला हानिकारकच असते असे सरसकट म्हणता येत नाही. गुरे उंच गवत खातात, त्यामुळे ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळते. कास पठारावर फुलांच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण पुढे काढण्यात आले, त्यामागे हाही विचार होता. पर्यटकांच्या पायांखाली ओली माती दबण्याचा धोका अधिक प्रत्यक्ष आहे. तो टाळण्यासाठी कासला हंगामात संख्येची मर्यादा व आगाऊ नोंदणी ठेवण्यात आली आहे.

गेल्या काही दशकांत वापराचे स्वरूप बदलले. हापूसच्या कलमांसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे केले जातात व त्यांत बाहेरची माती भरतात. बागाइतदाराच्या कष्टाचे व कौशल्याचे हे काम आहे आणि कोकणातील असंख्य कुटुंबे त्यावर जगतात. परंतु त्याने कातळावरील पाण्याच्या वाटा बदलतात हेही खरे. चिरेखाणी सड्याचा माथाच कापून नेतात. कोल्हापूर जिल्ह्यातील उंच सड्यांवर बॉक्साइटचे उत्खनन झाले आहे. राजापूर तालुक्यातील बारसू परिसरात प्रस्तावित झालेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला 2023 मध्ये स्थानिकांनी विरोध केला, तेव्हा सड्यांचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला.

‘पडीक’ ही नोंद

देशातील पडीक जमिनींच्या शासकीय नकाशासंग्रहात उघड्या खडकाळ प्रदेशाचा स्वतंत्र वर्ग आहे. पिकाच्या किंवा इमारती लाकडाच्या मापाने पाहिले तर ही नोंद चुकीची नाही. अडचण अशी की ‘पडीक’ शब्दातून ‘रिकामी’ हा अर्थ आपोआप निघतो आणि रिकाम्या जागेवर काहीही उभारता येते. वनाच्छादन मोजणाऱ्या पाहणीतही वृक्षहीन सड्याचे मोल दिसत नाही. परिस्थितिकी अभ्यासक अपर्णा वाटवे यांनी 2013 मध्ये उत्तर पश्चिम घाट व कोकणातील खडकाळ पठारांच्या स्थितीचा आढावा प्रसिद्ध केला. हे सडे हा एक स्वतंत्र अधिवास आहे, ही भूमिका त्यात मांडलेली आहे.

या नोंदीचा एक परिणाम वृक्षारोपणात दिसतो. ‘ओसाड’ कातळ हिरवा करण्याच्या सद्‌हेतूने ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी झाडे लावली जातात. त्यांची सावली पडते, पाला साठतो, माती वाढते. इतरत्र जे वरदान ठरले असते तेच येथे दवबिंदू व गेंद यांना हुसकावते.

सोडून दिलेल्या चिरेखाणी पावसाळ्यात भरतात आणि त्यांत बेडूक, चतुर व पाणपक्षी येतात. खाणीच्या भिंती मात्र उभ्या असतात व पाणी पुरुषभर खोल असते. बोटभर खोलीच्या ओलीवर, आटणाऱ्या डबक्यावर किंवा सुट्या दगडावर अवलंबून असणाऱ्या जातींना तेथे पाय ठेवायला जागा नसते. चिरा काढताना वरचे काळे, जिवंत आवरण आणि त्याने साठवलेला मातीचा पापुद्रा प्रथम खरवडून कडेला टाकला जातो.